निवेदक ओळखा

गोष्ट फाडून तिचे अवयव टेबलावर मांडायचे, हे काम मी चार वर्षं केलं. आखाडा बाळापूरच्या बाजूला एक कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथे मी अकरावी-बारावीला मराठी शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायचं पूर्ण, पण स्टाफरूममधली खुर्ची अर्धी. ज्या कुणी हे तत्त्व काढलं त्याला तत्त्व या शब्दाचा अर्थ माहीत नसावा. पण त्यावर मी वेगळं पत्रक काढलेलं आहे, इथे पुन्हा चालू करत नाही.

पत्रकं हे माझं मूळ शिक्षण. वसतिगृहात पाणी येत नव्हतं तेव्हा, अकरावीत असताना, मी पहिलं पत्रक लिहिलं. आमच्या संघटनेत एक जुने कार्यकर्ते होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी ते वाचलं आणि अर्धं खोडलं. "कदाचित, बहुधा, असं वाटतं, हे शब्द पत्रकात येता कामा नयेत. ज्याला वाटतं त्यानं घरी बसावं." मथळा फार तर पाच शब्दांचा. दोषी पहिल्या ओळीत. शेवटी जाहीर निषेध. आणि एक नियम ते फार कडक पाळायचे : ज्याच्याविरुद्ध पत्रक, पहिली प्रत त्याच्या हातात. आपण स्वतः जाऊन द्यायची, त्याच्या डोळ्यांत बघून. ती दिल्यावरच बाकीच्या वाटायच्या. आणि तोवर त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

या नियमानं मला वाचवलं. ते कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. पण आधी काम समजावून सांगते, नाहीतर माझा गाढवपणा तुम्हाला नीट कळणार नाही.

कथेचे घटक ओळखणं म्हणजे काही जादू नाही. गोष्ट वाचून झाली की पाच-सहा साधे प्रश्न विचारायचे. कोणाची गोष्ट आहे? ही पात्रं. कुठे आणि कोणत्या काळात घडते? हे वातावरण. काय झालं आणि कशामुळे झालं? हे कथानक. कोण कोणाच्या आड आलं? हा संघर्ष. माणसं एकमेकांशी काय बोलली, कशी थांबली? आणि सगळ्यात शेवटचा, सगळ्यात जास्त विसरला जाणारा प्रश्न : हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? तो निवेदक. एवढंच. शेतात पीक बघताना आपल्याकडचा कुणीही माणूस याहून जास्त प्रश्न विचारतो.

पण गाईडवाल्यांनी या प्रश्नांचा मुडदा पाडलाय. कोणतीही कथा द्या, उत्तर एकच : पात्रे ठसठशीत आहेत, संवाद चटपटीत आहेत, शेवट मनाला चटका लावून जातो. एकदा माझं डोकं फिरलं. मी चाचणीत कथा म्हणून बाळापूर स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक छापून दिलं आणि खाली प्रश्न : 'कथेच्या घटकांच्या आधारे रसग्रहण करा.' पोरांनी केलं! निम्म्याहून जास्त पेपरांत पात्रं ठसठशीत होती. मी तासाला एकेकाला उभं केलं. मागच्या बाकावरचा एकजण मात्र हटेना.

"मॅडम, कळमनुरीची शेवटची गाडी सुटली की चटका लागतोच की."

"आणि संघर्ष?"

"ते कंडक्टर आन् आमचा. रोजचा हाय."

त्याला मी पूर्ण गुण दिले. त्यानं निदान स्वतःचं डोकं लावलं होतं.

त्यानंतर मी ठरवलं, आता गाईड बंद. प्रत्येकानं स्वतः दोन पानांची गोष्ट लिहायची, मी ती वर्गात वाचणार, बाकीच्यांनी घटक ओळखायचे. त्याआधी निवेदकावर एक पूर्ण तास घेतला. फळ्यावर लिहून दिलं आणि वहीत उतरवून घ्यायला लावलं : 'कथेतला मी म्हणजे लेखक असतोच असे नाही.' दोनदा अधोरेखित. ते वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

निकिता अकरावीत होती. कुरुंद्याच्या पुढे एका गावातून येत असे, दुसऱ्या बाकावर बसायची, बोलायची कमी. आदल्या दिवशी दिलेली तिची गोष्ट मी एका शुक्रवारी वाचली. दोन पानंसुद्धा नव्हती, दीडच. त्यातला तुकडा देते, तिची परवानगी आहे :

'पोस्टमननं पत्र आणलं आणि माझं लग्न ठरलं. त्या दिवशी आमची हळद शिजत होती. कढईखालचा जाळ मंद झाला होता. मी दप्तर घेऊन शाळेतून आले, तर बाप म्हणाला, आता हे काय करायचं घरात? घाल. दप्तर आत गेलं. भूगोलाचं पुस्तक आधी पेटलं. मग हळदीला चांगली उकळी आली.'

मी स्टाफरूममध्ये उभी राहिले. 'मग हळदीला चांगली उकळी आली.' सोळा-सतरा वर्षांची पोरगी असं वाक्य कुठून आणते? जे भोगतो तोच लिहितो, असं मी मनात म्हटलं. वर्गात गेले. निकिता गैरहजर. शनिवारी गैरहजर. सोमवारीही नाही. फोन लावला तर बंद. तिच्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली, "तिच्या मामानं स्थळ आणलंय म्हनं मॅडम. दोनदा येऊन गेला." झालं. माझ्या दृष्टीनं खटला संपला होता.

पत्रक लिहायला मला वीस मिनिटं लागली. मथळा : हळदीच्या जाळात लेकीचं दप्तर! पहिल्या ओळीत गाव. दुसऱ्या ओळीत निकिताच्या बापाचं पूर्ण नाव, बालाजी अमुक अमुक. 'अकरावीत शिकणाऱ्या आपल्या पोटच्या लेकीची पुस्तकं लग्नासाठी जाळणाऱ्या या बापाचा आम्ही जाहीर निषेध करतो!' मुलीचं नाव घातलं नव्हतं, एवढी अक्कल होती. पण बापाचं नाव छापल्यावर मुलीचं नाव झाकून काय उपयोग, ही अक्कल नव्हती. गुलाबी कागद, पाचशे प्रती. मंगळवारी सकाळी गठ्ठा पिशवीत घालून मी गाडी पकडली. विचार असा की पहिली प्रत बापाच्या हातात, मग स्टँडवरच्या हॉटेलात, मग ग्रामपंचायतीसमोर, आणि मग मुलीला घेऊन थेट तक्रार.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते, कारण पुढचं वाचून कोणी भलताच अर्थ काढील. पोरगी तीन दिवस आली नाही आणि स्थळाची कुणकुण आहे, तर तिच्या घरी विचारायला जाणं चूक नव्हतं. उद्याही जाईन. चूक ही की मी छापून गेले.

घरी कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "हळद शिजाया लावलीय त्यांची, मळ्यात हायेत समदे." मळा रस्त्यालाच होता. लांबूनच तो वास आला, ओल्या मातीत कुणी औषध उकळावं तसा. जवळ गेले. लोखंडी टाक्यांचा कुकर फसफसत होता, पाइपातून वाफ निघत होती, ताडपत्रीवर शिजलेल्या हळदीचा ढीग ओतलेला. बॉयलरच्या तोंडाशी एक पन्नाशीला टेकलेली बाई बसून कापसाच्या पऱ्हाट्या आत सारत होती. आणि बाजूला, आखाड्यावरच्या खोपीजवळ, एक भलीमोठी कढई. तिच्यात पाणी भरलेलं, म्हशीची एक वगार त्यात तोंड घालून पीत होती.

ती कढई मला क्षणभर खटकली. पण पिशवीत पाचशे प्रती असल्या की माणूस असल्या खटक्यावर थांबत नाही.

बालाजीकाका पुढे आले. उंच, वाळलेले, हात कोपरापर्यंत पिवळे. "या म्याडम, या. निकितानं सांगितलं व्हतं तुमचं. पानी आना गं म्याडमला."

"पाणी नको."

"काहून? उन्हाचं आलात."

"आधी हे वाचा," मी म्हटलं आणि पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. डोळ्यांत बघून. नियमाप्रमाणे.

त्यांनी हात धोतराला पुसले. कागद लांब धरला. मग बोट ओळीखाली ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, आपल्याकडे जुनी माणसं वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून. "हळदी-च्या जाळात... लेकीचं... दप्तर." त्यांचं गावाचं नाव आलं. मग स्वतःचं. बोट तिथे थांबलं. पुढे सरकलं. "पुस्तकं... जाळ-णाऱ्या... या बापाचा..."

मी वाट बघत होते ओरडण्याची. ओरडणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला तोंडपाठ होतं. सरपंच ओरडलेत, ठेकेदार ओरडलेत. पण हा माणूस ओरडलाच नाही. तो खाली बसला, कढईच्या काठाला टेकून.

बॉयलरजवळच्या बाईनं विचारलं, "काय लिवलंय रे दादा?"

"तुझ्या दप्तराचं लिवलंय, सुमे," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं.

ती बाई म्हणजे सुमनआत्या. बालाजीकाकांची धाकटी बहीण, निकिताची आत्या. दिलेली वसमतकडे, पण हळदीच्या दिवसांत भावाकडे येते. सातवीत होती तेव्हा तिचं लग्न ठरलं. पत्र पोस्टानं आलं. हळद शिजत होती, त्या कढईत, जिच्यातून आता वगार पाणी पीत होती.

"ही कढई किती वर्षं अशी आहे?" मी विचारलं.

"कुकर आल्यापासून. पंधरा वर्सं झाली आसतील. बूड गेलं, मंग शिमिटानं लिपली आन् जनावराला ठुली."

कढई. पोस्टमन. आजकाल कुणाचं लग्न पोस्टमन ठरवतो? मोबाइलवर मुलीचा बायोडाटा फिरतो. 'कोणत्या काळात घडते' हा प्रश्न मी दरवर्षी पोरांना विचारत होते, न लिहिणाऱ्याचे दोन गुण कापत होते, आणि माझ्यासमोर लोखंडाची सहा फुटी कढई ठेवलेली मला दिसली नव्हती.

"म्याडम," काका म्हणाले, "तुमी खोटं न्हाई लिवलं. आमचा बाप म्हनला घाल. घातलं मी. जाळ सारायला मीच बसलो व्हतो, अठरा वर्सांचा होतो. न्हाई म्हनता आलं आसतं. म्हनलो न्हाई. पन हिचं दप्तर व्हतं ते. माझ्या लेकीचं न्हाई." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "छापायचं तर छापा. पन बराबर छापा."

त्याच वेळी बांधावरून निकिता आली, डोक्यावर भाकरीची पाटी. मला बघून हसली. मग गुलाबी कागद दिसला.

"मॅडम! माझी गोष्ट छापली तुम्ही?"

तिचा चेहरा असा उजळला होता की मला तो कागद हिसकावून घ्यावासा वाटला. पण तिनं वाचला होता. तिला वाचायला बोट लागत नाही.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मी म्हंजे मी न्हाई ना. तुम्हीच तर लिहून दिलं होतं. पाच गुणांला."

मी उलट तिलाच विचारलं :

"मग तीन दिवस कुठे होतीस? फोन का बंद?"

"हळद शिजायला लागली ना मॅडम. आन् फोन पाण्यात पडला, त्याच कढईत." ती कागदाकडे बघत राहिली. "हे वाटलं का तुम्ही? स्टँडवर?"

"नाही. एकही नाही. ही पहिली."

तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मला कळलं की मी काय करायला निघाले होते. मामाचं स्थळ खरंच होतं. दोनदा आला होता. दोन्ही वेळा तिच्या बापानं सगळ्या भावकीसमोर सांगितलं, बारावी होईस्तवर या घरात लग्नाचं नाव काढायचं नाही. त्या एका शब्दावर तिची शाळा उभी होती. "हे पत्रक गावात गेलं असतं तर मामा म्हनला असता, शाळेत घातली तर पोरीनं बापाची अब्रू कागदावर काढली. मग बाबाला तोंड उघडता आलं नसतं. मला आजच घरी बसवलं असतं मॅडम."



मी पिशवीतला गठ्ठा काढला आणि मोजत बसले नाही. पहिली प्रत वरून ओढून घेतली होती, पण सुतळी तशीच होती, गाठ सुटलेली नव्हती. आयुष्यात मला कधी एवढं हलकं वाटलं नव्हतं. मोर्चा जिंकल्यावरही नाही. न सुटलेली एक गाठ! तात्या वारले त्याला तीन वर्षं झाली होती तेव्हा, पण मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. त्यांचा नियम शूरपणाचा आहे असं मी समजत होते. तो शूरपणाचा नव्हता. तो चूक सापडायला ठेवलेली जागा होती.

"काका, माफ करा," मी म्हटलं. एवढंच सुचलं. पत्रकात माफीसाठी मजकूर नसतो, त्यामुळे सराव नव्हता.

"तकलीफ झाली तुमाला," ते म्हणाले. मला! "पोरगी आली न्हाई म्हनून कोनी येतं का बघायला एवढ्या लांब? आमच्या सुमीच्या टायमाला कोनी मास्तर आला न्हाई."

सुमनआत्या उठली. पिवळ्या हातानं तिनं प्रत घेतली आणि सावलीत जाऊन वाचली. सातवीपर्यंतचं वाचन, पण पुरलं. मग माझ्याकडे वळली.

"लेकी, गोष्ट चांगली लिवली पोरीनं. तू बिगाडली."

निकिता हसली, काका हसले, आणि मग मीही. खरं सांगते, माझ्या लिखाणावर इतकी अचूक टीका आजवर कुणी केलेली नाही.

"आता एवढ्या कागदाचं काय करायचं?" मी विचारलं.

"दे इकडं," आत्या म्हणाली. बॉयलरच्या तोंडाशी बसली, सुतळी विळ्यानं कापली आणि मूठमूठ करून पत्रकं आत सारू लागली. गुलाबी कागद पटकन पेटतो. काका बघत उभे होते. एकदा ते पुढे झाले, मदतीला म्हणून, तर ती म्हणाली, "तू र्‍हाऊ दे दादा. तू मागच्या टायमाला केलंस. आता मी." टाकीतून वाफेची शिट्टी झाली.

मग मी पाणी प्यायले. दोन तांबे.

भाकरी खाताना मी निकिताला विचारलं, "गोष्टीत काकांना का नाही घेतलंस? दप्तर आत गेलं, एवढंच लिहिलंस. कोणी घातलं ते नाही."

तिनं बापाकडे चोरून पाहिलं. "तेवढं मी गाळलं, मॅडम."

"लिव की ते बी," काका म्हणाले, भाकरी मोडत. "गाळू नको. मी बी हाय त्याच्यात."

पुढच्या आठवड्यात तिनं गोष्ट पुन्हा लिहून आणली. आता ती साडेतीन पानांची होती आणि जाळाजवळ एक अठरा वर्षांचा भाऊ बसलेला होता, जो नाही म्हणू शकला असता. मी ती वर्गात वाचली. संघर्ष ओळखा, म्हटलं. गाईडवाले म्हणाले, बाप विरुद्ध मुलगी. मागच्या बाकावरचा तो एसटीवाला मात्र बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, "मॅडम, त्या भावाचा त्याच्याशीच हाय." पुन्हा पूर्ण गुण.

दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. निकिता आता हिंगोलीला बी.ए. करते आहे. मामाच्या स्थळाचं लग्न दुसरीकडे झालं, सुखात आहे म्हणे. कॉलेजनं मला यंदा तासिका दिल्या नाहीत. त्याचं पत्रक तयार आहे. पहिली प्रत प्राचार्यांच्या हातात देऊन, त्यांचं म्हणणं ऐकून आले. दोन वाक्यं बदलली. बाकी सगळं खरं निघालं, आता वाटणार आहे. मऊ झाले नाहीये मी, गैरसमज नको. फक्त आता लिहून झालं की स्वतःला विचारते : हे सांगतंय कोण? आणि कोणाच्या वतीनं?

आणि एक राहिलं. त्या दिवशी जाळात चारशे नव्व्याण्णव प्रतीच गेल्या. पहिली प्रत, काकांच्या हातातली, आत्यानं घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली होती. मी मागितली तर म्हणाली, "र्‍हाऊ दे. माझ्या दप्तराचं कुनी छापलं न्हाई आजवर."

दिवाळीला निकिता वसमतकडे गेली तेव्हा तिनं मला त्या प्रतीचा फोटो पाठवला. आत्यानं ती भिंतीवर देवळीशेजारी चिकटवली आहे. 'अकरावीत' हा शब्द खोडून वर निळ्या शाईनं लिहिलंय, 'सातवीत'. 'पोटच्या लेकीची' खोडून 'बहिणीची'. 'बापाचा' खोडून 'भावाचा'. आणि शेवटचे शब्द, 'आम्ही जाहीर निषेध करतो', ते मात्र पूर्ण खोडले आहेत. त्यांच्या जागी, मोठ्या, सुट्या, बऱ्याच वर्षांनी लिहिणाऱ्या अक्षरांत आत्याचं नाव. सही.